दरजांचं चित्र

माझं पहिलं कमळ मृगाच्या तिसऱ्या सरीत वाहून गेलं. तुळशीभोवतीच्या ओट्यावर सबंध एप्रिल उन्हात बसून मी निळ्या-पांढऱ्या बशांचे तुकडे एकेक करून चिकटवले होते. जूनमध्ये त्यातल्या अर्ध्या पाकळ्या सुटल्या, पागोळ्यांच्या पाण्याबरोबर घरंगळल्या आणि अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात पोफळीच्या आळ्यात जाऊन बसल्या. उरलेल्या बोटाने ढकलल्या तरी सरकत होत्या. आमच्या घराचं काम करणारे मिस्त्री दुसऱ्या दिवशी गळतं कौल बघायला आले होते. त्यांनी एक पाकळी उचलली, तिची पाठ नखाने खरवडली आणि विचारलं, “वहिनी, हे चिकटवलंत कशानं?” मी सांगितलं. लाकडाला लावतात तो पांढरा गोंद. ते हसले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. “तो दार-खिडक्यांचा. पाणी लागलं की त्याचं परत दूध होतं.” मग ते ओट्याच्या कडेला उकिडवे बसले, मान तिरकी केली, एक डोळा मिटला. “आणि उतार तर घराकडं आहे.”

या पुस्तकात जे काही आहे ते जवळजवळ सगळं त्या दोन वाक्यांतून निघालं आहे.

त्या पावसाळ्यात मी घराबाहेरच्या मोझेकवरची मिळतील ती पुस्तकं मागवून वाचली. बहुतेक थंड देशांत लिहिलेली. त्यांची सगळी भीती बर्फाची: तुकड्यात मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि तुकडा फोडून बाहेर येतं. रत्नागिरीत पाणी गोठत नाही. ते नुसतं येत राहतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि त्यातलं जवळजवळ सगळं चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ऊन. त्यामुळे बर्फाचे सगळे परिच्छेद मी ओलांडून गेले आणि मग लक्षात आलं की ज्या गोष्टींनी आपली झोप उडते त्यांच्यावर कुणी फारसं लिहिलेलंच नाही. कोपऱ्यात तुंबलेलं पाणी, श्रावणातलं शेवाळ, मे महिन्यात दुपारी तापून पहाटे निवणारी फरशी, आणि त्या फरशीवरून अनवाणी चालणारी माणसं. हे पुस्तक त्या माणसांच्या अंगणासाठी, ओट्यासाठी, पडवीच्या पायऱ्यांसाठी आणि शहरातल्या गच्चीसाठी लिहिलं आहे.

आधी शब्दाचा गोंधळ निस्तरायला हवा. मराठी घरात ‘मोझेक’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याच्या जुन्या ब्लॉकमधली ती ठिपक्याठिपक्यांची फरशी येते: सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून ओतलेली, मग यंत्राने घासून गुळगुळीत केलेली. तिचं जगातलं नाव टेराझो. व्हेनिस आणि तिच्या ईशान्येच्या फ्रिउली भागातल्या कारागिरांनी ती सगळीकडे पोचवली. त्याच फ्रिउलीत स्पिलिंबेर्गो नावाच्या गावी १९२२ साली मोझेक शिकवणारी शाळा निघाली आणि ती अजून चालू आहे. त्याच १९२२ साली मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी स्वदेशीच्या वाऱ्यावर सिमेंटच्या नक्षीदार टाइल्स बनवू लागली. योगायोगच, पण मला तो आवडतो. दुसरं मोझेक म्हणजे ‘चायना मोझेक’, गच्चीवरचं. त्याच्याकडे लगेच येते. आणि तिसरं म्हणजे हाताने एकेक तुकडा लावून केलेलं चित्र, ज्याला आपल्या विश्वकोशाने ‘कुट्टिमचित्रण’ असं भारदस्त नाव दिलं आहे. शब्द जड आहे, पण त्याच्या पोटात ‘कुटणं’ आहे, आणि ते मला पटतं. कोकणात पावसाळा सरला की अंगण खणतात, सपाट करतात, पाणी मारून चोपण्याने चोपतात, मग सारवतात. चोपलेल्या जमिनीशिवाय वरच्या सारवणाला अर्थ नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला मात्र ओट्यावर चित्र काढताना ते आठवलं नाही.

हे पुस्तक तिसऱ्या मोझेकचं आहे. पण त्यातली अक्कल बरीचशी दुसऱ्याकडून घेतलेली आहे.

गच्चीवरच्या चायना मोझेककडे आपण कधी कला म्हणून पाहत नाही. ते गळती बंद करण्याचं काम असतं. सोसायटीच्या सभेत त्यावर भांडण होतं, तीन कोटेशनं येतात आणि सगळ्यात स्वस्त मंजूर होतं. काम असं: स्लॅबवर विटांचे तुकडे उतारात रचायचे, त्यांच्या फटींत सिमेंटचा माल भरायचा, हा झाला कोबा. त्यावर माल पसरून तो ओला असतानाच पांढऱ्या चिनी मातीचे वेडेवाकडे तुकडे दाबून बसवायचे, वरून पांढरं सिमेंट फिरवायचं आणि पुसून घ्यायचं. तुकडा चकाकणारा, पाणी न पिणारा. रंग पांढरा, म्हणजे ऊन परतवणारा; वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला त्याचा फरक वैशाखात कळतो. आणि तुकडे लहान असल्यामुळे पृष्ठभाग कसाही वळवता येतो. गच्ची भिंतीला मिळते तिथे काटकोन न ठेवता गोलाई काढतात, ‘वाटा’ म्हणतात तिला, ती अखंड टाइलने होणारच नाही.

या मिस्त्रीकामातली ताकद ज्या माणसाने ओळखली तो जन्माने पुण्याचा. बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले, मुंबईत जे. जे.मध्ये वास्तुकला शिकले, पॅरिसला वास्तुकार ल कॉर्बुझिएकडे काम करून आले आणि अहमदाबादला स्थायिक झाले. १९८०च्या सुमारास त्यांनी तिथे स्वतःचं कार्यालय बांधलं, ‘संगाथ’. अर्धं जमिनीत, वर लांबट कमानदार छपरं, आणि त्या छपरांवर गच्चीवरचंच ते पांढरं फुटकं चायना मोझेक. पाऊस पडला की पाणी छपरांवरून ओघळून पन्हाळींत उतरतं आणि तिथून पुढे वाहत बागेतल्या कुंडांकडे जातं. म्हणजे इमारतीचा देखावा आणि तिचा पाण्याचा निचरा ही एकच गोष्ट. पुढे नव्वदच्या दशकात त्यांनी पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्यासाठी ‘अमदावाद नी गुफा’ केली. जमिनीतून वर आलेली टेकाडं, त्यांवर पुन्हा तेच पांढरे तुकडे आणि त्यांतून सळसळत गेलेला एक काळा नाग. मी ती गुफा पाहिली तेव्हा आतल्या चित्रांपेक्षा जास्त वेळ बाहेर ओणवी होऊन तुकड्यांमधल्या फटी पाहत होते. सोबतच्या लोकांना वाटलं माझं कानातलं पडलं.

बाहेरच्या फरशीचं शास्त्र मात्र याहून फार जुनं आहे, आणि ते इतकं ओळखीचं निघावं याचं मला अजून नवल वाटतं. रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. सातव्या भागाच्या आरंभीच फरशी आहे. आधी मुठीत मावेल त्याहून लहान नसलेल्या दगडांचं सोलिंग. त्यावर तीन भाग खडी, एक भाग चुना. आणि ते दहा-दहा माणसांच्या टोळ्यांनी लाकडी धुमसांनी चोपायचं. त्यावर तीन भाग कुटलेली खापरं आणि एक भाग चुना. चित्राचे तुकडे यायचे ते या सगळ्यानंतर. कुटलेली खापरं आणि चुना म्हणजे आपली सुरखी! पेशवाईतल्या हौदांना आणि वाड्यांना जी लागली तीच. शिवाय उघड्यावरच्या फरशीसाठी तो वेगळं कलम घालतो: दर दहा फुटांना दोन अंगुळं उतार. त्याच्या मापाने फुटाची सोळा अंगुळं, म्हणजे ऐंशीला एक. आमच्या मिस्त्रींनी एक डोळा मिटून सांगितला तो उतार मीटरला एक सेंटिमीटर, शंभराला एक, “आणि वहिनी, तुमच्याकडं झाडांची पानं पडतात, तर थोडा जास्तच.” दोन हजार वर्षांत उताराच्या बाबतीत माणसाने फार काही नवीन शोधलेलं नाही.

त्याच जागी व्हिट्रुव्हियस दरजांबद्दलही लिहितो. अशा उघड्यावरच्या फरशीला दर वर्षी हिवाळ्याआधी तेलाचा गाळ पाजा म्हणतो, म्हणजे सांध्यांत हिम शिरणार नाही. शाई बहुतेकांची चित्रांवर खर्च होते. या माणसाची फटीवर झाली.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

मोझेक शिकायला येणारा प्रत्येक जण तुकड्यांबद्दल विचारतो. कुठून आणायचे, कसे कापायचे, कोणता रंग. दरज म्हणजे दोन तुकड्यांच्या मधली फट, तिच्याबद्दल पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही. म्हणून मी त्यांना एक हिशेब करायला लावते. एक चौरस मीटर जागा घ्या. बाजारातल्या साठ सेंटिमीटरच्या टाइल्स लावल्या तर तेवढ्यात दरजांची एकूण लांबी साडेतीन मीटरच्या आत. आता त्याच जागेत एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे दोन मिलिमीटर फट ठेवून लावा. तुकडे लागले सुमारे सात हजार. दरजांची लांबी झाली १६६ मीटर. आणि क्षेत्रफळ काढलंत तर ३० टक्के जागेवर तुकडा नाहीच, नुसती फट आहे. आपण जे चित्र म्हणून पाहतो त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा सिमेंटचा असतो, आणि त्या हिश्श्याचा विचार आपण सगळ्यात शेवटी, दुकानात उभं राहून, “द्या कुठला तरी पांढरा” म्हणून करतो.

ही फट काय काय करते बघा. ओल्या पायाला ती धरून ठेवते; गुळगुळीत मोठी टाइल पावसात निसरडी होते, तिथे सेंटिमीटरभराच्या तुकड्यांची फरशी पायाला खरखरीत लागते, कारण तळव्याखाली एकाच वेळी शेकडो सांधे असतात. उन्हाने फरशी प्रसरते तेव्हा ताण एकाच जागी साठू न देता ती तो वाटून घेते. (सगळा नाही, म्हणून बाहेरच्या फरशीत दर अडीच-तीन मीटरला एक आरपार सांधा मऊ सीलंटचा ठेवावा लागतो, आणि तो चित्रात कसा लपवायचा याच्यावर एक अख्खं प्रकरण आहे.) पण सगळ्यात मोठं काम म्हणजे ती रेघ काढते. तुकडे ज्या ओळीने चालतात ती ओळ आपल्याला दिसते ती दरजेमुळे. इटालियन कारागीर या चालीला ‘आंदामेंतो’ म्हणतात. रोमन लोक एक पद्धत वापरत, तिचं नाव लॅटिनमधल्या ‘अळी’वरून पडलं: अगदी बारीक तुकड्यांच्या ओळी आकृतीच्या कडेने अळीसारख्या सरपटत जातात आणि गालाचा गोलवा, माशाची पाठ, पाण्याचा भोवरा नुसत्या दिशेने दाखवतात. रंग एकच ठेवला तरी चालतं. पांढऱ्यावर पांढरा मासा काढता येतो. आजूबाजूच्या ओळी आडव्या आणि माशाच्या अंगावरच्या तिरक्या, एवढ्यानेच तो दिसतो. हा सराव मी सगळ्यांना देते आणि तो सगळ्यांना नको असतो.

माझ्या पहिल्या कमळात ओळच नव्हती. तुकडे होते, रंग होते, पाकळ्यांचे आकारही बरे होते, पण तुकडे जसे हाताला लागले तसे बसवलेले. फटी कुठे पाच मिलिमीटर, कुठे शून्य. ते वाहून गेलं नसतं तरी त्याच्याकडे कुणी दोनदा पाहिलं नसतं, हे आज लिहायला हरकत नाही.

दरजेचा रंग हा वेगळाच विषय. काळपट राखाडी भरली तर तुकड्यांचे रंग उठतात, निळा अधिक निळा होतो. पांढरी भरली तर सगळं फिकटून एकमेकांत मिसळतं. कधी कधी तसंच हवं असतं. पण कोकणातल्या अंगणात पांढरी दरज म्हणजे पहिल्या श्रावणापर्यंतची गोष्ट. त्यानंतर ती हिरवी, मग काळी. मी आता सरळ जांभ्याच्या रंगाशी मिळतीजुळती भरते, म्हणजे अंगणातली माती तिच्यात मिसळली तरी वाटतं, होतीच.

आणि दरजा भरण्याचा दिवस. त्याच्यासाठी मनाची तयारी हवी. तीन आठवडे खपून लावलेल्या चित्रावर तुम्ही स्वतःच्या हाताने चिखलासारखा माल ओतता आणि रबरी फळीने सगळीकडे फासता. चित्र नाहीसं होतं. पूर्ण. घरातलं कुणी ना कुणी नेमकं त्याच वेळी चहा घेऊन येतं आणि “अगं, हे काय केलंस!” म्हणतं. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मालाची चकाकी मरते, बोट टेकवलं तर ठसा उठतो पण माल बोटाला येत नाही. मग जवळजवळ कोरडा पिळलेला स्पंज, तिरका फिरवायचा, ओळीच्या दिशेने नाही, नाहीतर दरजेतला माल ओढला जातो. दोन हात फिरवले की बाजू उलटायची, चार हातांनंतर धुवायचा. एकेक तुकडा डोकं वर काढतो. उन्हात हे काम करू नये. सकाळी लवकर, वर कापड बांधून, आणि नंतर दोन-तीन दिवस गोणपाट ओलं ठेवून झाकायचं. गवंड्यांच्या भाषेत त्याला ‘पाणी मारणं’ म्हणतात आणि नवशिके हमखास इथेच आळस करतात. सिमेंट वाळून घट्ट होतं असा आपला समज असतो. ते पाणी पिऊन घट्ट होतं.

तुकड्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण पुढे तीन प्रकरणं त्यांच्यावरच आहेत. बाथरूमच्या भिंतीला लावतात ती चकचकीत टाइल मागून पाणी पिते. ती बाहेरच्या जमिनीवर नको. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीत नाही, पण कापायला अंमळ हट्टी. प्रत्येक तालुक्याच्या गावी टाइलच्या दुकानामागे फुटक्या मालाचा ढीग असतो. मालक तो उचलून नेणाऱ्याचे आभार मानतो. ओट्याची कड गोल असेल तर चौकोनी तुकड्यांचा नाद सोडून फोडलेलेच वापरावेत. बार्सेलोनाच्या पार्क ग्युएलमधला शंभर मीटरहून लांब, नागमोडी बाक ज्यांनी मढवला, त्या वास्तुकार गाउदीने आणि त्याचा साथीदार जुजोल याने तेच केलं, आणि कारण साधं होतं: वळणाऱ्या पृष्ठभागावर सपाट टाइल टेकत नाही, फोडली की टेकते. कॅटलान भाषेत या कामाला ‘त्रेंकादिस’ म्हणतात, म्हणजे फुटकं. हा शब्द ते लोक अभिमानाने उच्चारतात. आपल्याकडे फुटण्याचं वावडं. बांगडी फुटत नाही, ‘वाढते’; नारळही आपण वाढवतो. आमच्या एका आतेसासूबाईंनी लग्नातल्या टी-सेटच्या फुटक्या बशा मला देताना पिशवीत वर मूठभर तांदूळ घातले होते. त्या बशा आता पायरीच्या उभ्या बाजूला आहेत. चालण्याच्या जागी पातळ बशी टिकत नाही, आणि काचेच्या बांगड्या तर फक्त भिंतीवर, तिथे त्या उन्हात फार सुंदर दिसतात.

चष्मा आणि मास्क यांच्याबद्दल मी पुस्तकात चार वेळा लिहिलं आहे आणि संपादकांनी तीन वेळा काढायला सांगितलं, मी काढलेलं नाही. टाइल कोरडी कापली की उडणारी धूळ फुप्फुसांत राहते. पाणी लावून कापा, आणि नंतर केरसुणी न मारता ओल्या फडक्याने पुसा.

लावण्याच्या दोन मुख्य रीती. एक, थेट जागेवर. भिंतीला, बाकाला, ओट्याच्या कडेला हीच बरी. दुसरी, उलटी: खाकी कागदावर चित्र आरशातल्यासारखं काढायचं, तुकडे पालथे, पिठाच्या खळीने चिकटवायचे, मग तो सबंध कागद ओल्या मालावर टेकवून दाबायचा, आणि माल धरला की कागद भिजवून सोलायचा. तुकडे कमी-जास्त जाडीचे असले तरी वरचा पृष्ठभाग सपाट येतो, म्हणून पायाखालच्या फरशीला ही रीत. शिवाय सगळं काम घरात टेबलावर, पंख्याखाली होतं. तोटा एकच, शेवटपर्यंत आपण चित्राची पाठ बघत असतो. माझा पहिला पोपट मी आरशात उलटवायला विसरले, आणि तो आजतागायत पेरूच्या झाडाकडे पाठ करून बसला आहे.

काय काढावं? नमुन्यांची चित्रं शेवटी दिली आहेत, पण एक गोष्ट आधी बोलायला हवी, कारण परदेशी पुस्तकांत ती सापडत नाही. जमिनीवर पाय पडतो. आपल्याकडे पायाखाली देव चालत नाही, अक्षर चालत नाही, दिवा चालत नाही. स्वस्तिक उंबऱ्याबाहेर रांगोळीने काढतो, पण ती आपण ओलांडून जातो आणि संध्याकाळपर्यंत पुसली जाते. कायमची फरशी कशी ओलांडणार? हा संकोच आपलाच आहे असं मला वाटायचं. पण इसवी सन ४२७ मध्ये रोमन सम्राट दुसरा थिओडोसियस याने फर्मान काढलं होतं की ख्रिस्ताचं चिन्ह जमिनीवरच्या फरशीत कुणी काढू नये, असेल तर उखडावं. उखडण्याइतकी ती असणार, हे उघड आहे. आपल्या देवळांनी यातून छान वाट काढली. सभामंडपात जमिनीत कासव असतं. त्याच्यावर पाय देत नाहीत, बाजूने जातात, आणि त्यामुळे गर्दीत आपोआप दोन रांगा होतात. म्हणजे फरशीवरचं चित्र माणसांना चालवतंसुद्धा. अंगणात तुम्हाला जिथे पाय पडायला नको असेल, नळाच्या तोंडाशी किंवा जाईच्या मुळाशी, तिथे असं काहीतरी काढून बघा. पाहुणे न सांगता वळसा घालतात.

बाकी पायाखाली चालण्यासारखं जगात भरपूर आहे. प्राचीन ग्रीक नगरी पर्गामॉनच्या सोसस नावाच्या कारागिराने जेवणघरासाठी ‘न झाडलेली फरशी’ केली होती: माशाचे काटे, कोंबडीचा पाय, फळांच्या साली, जणू पंगत नुकतीच उठली आहे. तिच्यावरून केलेली एक रोमन फरशी व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, आणि त्यात एक उंदीर अक्रोड कुरतडतो आहे. मला हे काम फार आवडतं, पण आमच्या घरी ते केलं असतं तर दर सकाळी कुणीतरी ते झाडायला गेलं असतं. हर्क्युलेनियममध्ये, व्हेसुव्हियसने इसवी सन ७९ मध्ये जे गाव गाडलं तिथे, एका घराच्या उघड्या चौकात जेवायला बसण्याची जागा आहे आणि तिच्या भिंतींवर काचेच्या तुकड्यांचं मोझेक: नेपच्यून आणि त्याची राणी अँफिट्रिटी, भोवती शिंपल्यांची किनार. घराबाहेर चार माणसांत बसून जेवावं आणि तिथे भिंतीवर काहीतरी चमकावं, ही हौस तेव्हाही होती. शिंपले तर आपल्याकडे पोत्याने मिळतात. भिंतीसाठी त्यांच्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ दुसरं काही नाही.

या पुस्तकात काय नाही तेही सांगते. पोहण्याचा तलाव नाही. ते काम मी केलेलं नाही. झटपट युक्त्या नाहीत. जाळीवर आयते चिकटवून मिळणाऱ्या नक्ष्यांबद्दल दोनच पानं आहेत, कारण त्यांतल्या काही पाण्यात सुटणाऱ्या गोंदाने जोडलेल्या असतात आणि बाहेर वापरण्याआधी एक तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवण्याखेरीज मला वेगळा सल्ला देता येत नाही. ज्या मिस्त्रींनी मला हे शिकवलं त्यांचं नाव घालू का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “नको, मग लोक फोन करतील.” त्यांनी एक गोष्ट मात्र आवर्जून लिहायला सांगितली आहे: माल धरल्यावर प्रत्येक तुकड्यावर लाकडी मुठीने टिचकी मारत जा आणि आवाज ऐका. भरीव असेल तर कमी वाजतो, पोकळ असेल तर डबा वाजल्यासारखा. पोकळ वाजेल तो त्याच दिवशी काढा. पोकळीत पाणी जातं, पाण्यामागून शेवाळ आणि मुंग्या, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्या शेजारचे चार निघतात.

पहिल्या प्रकरणाला तुकडे लागणार नाहीत, पक्कड नाही, सिमेंट नाही. एक बादली पाणी आणि एक खडू लागेल. ज्या जागी मोझेक करायचं आहे ती आधी झाडून घ्या, मग वरच्या बाजूने सावकाश पाणी ओता आणि दहा मिनिटं पायरीवर बसा. पाणी कुठून जातं, कुठे अडतं, कुठे वळसा घेतं ते बघा. जिथे साचून राहील त्या डबक्याच्या कडेने खडूची रेघ ओढा. मी माझ्या ओट्यावर हे केलं तेव्हा तुळशीच्या डाव्या अंगाला घडवंचीएवढी एक लांबोळी रेघ आली. मिस्त्रींनी ती जागा उचलून घेतली, उतार अंगणाकडे फिरवला. नवीन कमळाचं पान मी त्याच रेघेवर बसवलं आहे.